चारा तिथे बास : लेक लॅनियरवरचा एक शरद

शरदात बास, म्हणजे अमेरिकेत गळाने पकडतात तो गोड्या पाण्यातला शिकारी मासा, हमखास मिळतो, असं मासेमारीच्या बहुतेक व्हिडिओंत सांगतात. थंडीआधी मासे पोटभर खाऊन घेतात, उथळात येतात, समोर काहीही टाकलं तरी धरतात. लहान तळ्यांवर तसं होतही असेल. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोठ्या जलाशयांवर, निदान जॉर्जियातल्या लेक लॅनियरवर, सप्टेंबर ते डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात अवघड काळ आहे, असं माझं एक अख्खा शरद पाण्यावर काढल्यावर ठाम मत झालंय. मासे भुकेले असतात, यात शंका नाही. पण ते एका जागी नसतात. काल जिथे दहा होते तिथे आज एकही नसतो, आणि का नसतो हे पाण्यालाच विचारावं लागतं. ते विचारायचं कसं, हे मी त्या शरदात शिकले.

आम्ही कमिंगला राहतो, अटलांटाच्या उत्तरेला, फोरसाइथ काउंटीत. इथे मराठी घरं पुष्कळ आहेत, पण पाण्यावर मराठी सहसा ऐकू येत नाही. माझे धाकटे दीर मात्र इथे आल्यापासून लॅनियरवर मासेमारी करतात. त्यांची सतरा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट आहे, आणि तिच्यावर मला पूर्ण शरद शिकवायचं त्यांनीच ठरवलं. "वहिनी, वसंतात कुणालाही मासे मिळतात. शिकायचं असेल तर सप्टेंबरला सुरुवात करा आणि ख्रिसमसपर्यंत सोडू नका," असं ते म्हणाले. जॉर्जियाचं मासेमारीचं लायसन्स ऑनलाइन दहा मिनिटांत निघतं. ते काढलं आणि मी त्यांच्या बोटीत बसले.

लॅनियर म्हणजे चॅटाहूची नदीवरच्या ब्यूफर्ड धरणाचा जलाशय. धरण १९५६ मध्ये पूर्ण झालं. ते अमेरिकी लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या ताब्यात आहे. उन्हाळ्यात पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट असते, पसारा सुमारे ३८,००० एकर. चॅटाहूची आणि चेस्टाटी या दोन नद्यांची खोरी आणि त्यांना मिळणारा प्रत्येक ओढा पाण्याने भरला, म्हणून किनारा वळत वळत सातशे मैलांच्या आसपास जातो. त्यात मासा नेमका कुठे शोधायचा, हा पहिल्या दिवशीचा प्रश्न शेवटच्या दिवशीही तसाच समोर असतो. फरक इतकाच, की शोधायचं कशाच्या आधाराने हे तोवर कळलेलं असतं.

मी भिगवणजवळची. आमचं आजोळचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. त्यामुळे जलाशय म्हणजे बुडालेली जमीन, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. भावजींनी बोटीवरच्या पडद्यावर तळाचा नकाशा उघडला तेव्हा मला त्यात जमीनच दिसली. इथे टेकाड, इथे उतार, ही ओढ्याची घळ, हा रस्ता. लॅनियरच्या पोटातही माणसांची गावं आहेत. फोरसाइथ काउंटीतून १९१२ मध्ये हजाराहून जास्त कृष्णवर्णीय रहिवाशांना दहशतीने हाकलून दिलं होतं. त्यांतले काही ज्या ऑस्करव्हिल परिसरात राहत होते त्याचा काही भाग पुढे धरणाच्या पाण्याखाली गेला. धरणासाठी आणखी शेकडो कुटुंबांनी जमिनी सोडल्या त्या नंतरच्या. इथे गळ टाकणाऱ्याने हे ठाऊक ठेवायलाच हवं, असं मला वाटतं. ज्या टेकाडावर आपण मासा शोधतो ते कुणाचं तरी रान होतं.

सप्टेंबरात आम्ही मेरी अ‍ॅलिस पार्कच्या उतारावरून बोट सोडायचो, उजाडायच्या आधी. इंजिन सुरू करण्यापूर्वी किल स्विचची, म्हणजे चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी जॅकेटला अडकवायची, हा भावजींचा पहिला नियम. २०२१ पासून लहान बोटींना तो कायद्यानेच बंधनकारक आहे. "आधी क्लिप लावा वहिनी, मग बोला."

तेव्हा वरचं पाणी ८३ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे साधारण २८ सेल्सियस. आपल्याला कोमट वाटेल असं. सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर अठ्ठावीस फुटांच्या आसपास एक धूसर आडवा पट्टा दिसत होता. तो कसला, हे मी विचारलं आणि भावजींनी गळ टाकायचं थांबवून सगळं सांगितलं. उन्हाळाभर वरचं पाणी तापतं आणि हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. मध्ये जिथे तापमान झपाट्याने उतरतं त्या थराला थर्मोक्लाइन म्हणतात. वरच्या थराला वाऱ्यातून आणि शेवाळातून प्राणवायू मिळत राहतो. खालच्या थराला काहीच मिळत नाही. तळाशी कुजणारा पाला, मेलेलं शेवाळ तिथला प्राणवायू महिनोन्‌महिने खात राहतं. उन्हाळा संपता संपता धरणाजवळच्या खोल पाण्यातल्या खालच्या भागात माशाला श्वास घेण्यापुरताही प्राणवायू उरत नाही.

याचा अर्थ लक्षात आला आणि जलाशय एकदम लहान झाला. धरणाजवळ दीडशे फूट खोली असली तरी सप्टेंबरात बास शोधायचा तो मुख्यतः वरच्या तीस फुटांतच. मग त्या तीस फुटांत आसरा कुठे आहे ते बघायचं. धरण भरण्याआधी खोल दऱ्यांमधली झाडं पूर्ण काढली नव्हती, शेंडे छाटून तशीच उभी ठेवली होती. ती आजही आहेत, पण बरीच खोल. म्हणून गाइड आणि हौशी मासेमार टेकाडांच्या टोकांवर वीस-पंचवीस फूट पाण्यात झाडोरा बुडवून ठेवतात. बासला सावलीही मिळते आणि दबा धरायला जागाही.

असल्या झाडोऱ्यावर मला ड्रॉप शॉट शिकवलं. दोरीच्या टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गळ, गळाला चार-साडेचार इंचांचा मऊ प्लास्टिकचा किडा. शिसं तळाला टेकवायचं, दोरी ताणून धरायची आणि काठीचं टोक अगदी जरा थरथरवायचं. शिसं हलता कामा नये, किडा मात्र नाचला पाहिजे. ओढ लागते तीही ओढ वाटत नाही, दोरी फक्त जड होते. मनगटाला ते जडपण ओळखू यायला वेळ लागतो, आणि एकदा आलं की झोपेतही ओळखू येईल.

पहिला मासा वर आला तो स्पॉटेड बास. लॅनियरवर याचंच राज्य आहे. शास्त्रज्ञ त्याला आता अलाबामा बास म्हणतात. तो मूळचा या नदीचा नाही, बाहेरून आलेला. चॅटाहूचीचा स्वतःचा शोल बास वाहत्या, खडकाळ पाण्यातला. त्याची जागा धरणाच्या पाण्यात बुडाली. भावजींनी मासा ओठाला धरून माझ्यासमोर आणला आणि म्हणाले, "जिभेवरून अंगठा फिरवा." जिभेच्या मधोमध काचपेपरसारखा खरखरीत दातांचा ठिपका. लार्जमाउथ या बासच्या दुसऱ्या जातीला तो सहसा नसतो. मग जबडा बघायचा. लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, याचा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जात नाही. आणि अंगाच्या मधल्या रेषेखाली पोटाकडे बारीक ठिपक्यांच्या ओळी. त्या ओल्या, हिरवट अंगावर ऊन पडलं तेव्हा त्या ओळी इतक्या रेखीव दिसल्या की मी सोडायला उशीर करतेय हे भावजींना सांगावं लागलं.

खातो का, हा प्रश्न भारतातून फोनवर प्रत्येक जण विचारतो. आम्ही खात नाही, सोडतो. बास मासेमारीत सोडायची रीत मुरली ती रे स्कॉट यांच्यामुळे. १९६७ मध्ये अर्कान्सासातल्या बीव्हर लेकवर त्यांनी बासची मोठी स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी संघटना उभी केली आणि १९७२ पासून स्पर्धांमध्ये मासा जिवंत ठेवून परत सोडायचा आग्रह धरला. मी चिलापीच्या कालवणावर वाढलेली मुलगी, मासा परत पाण्यात सोडणं मला आधी पटेना. पण एवढ्या मोठ्या शहराच्या शेजारच्या पाण्यात, एवढे गळ पडत असताना मासे टिकतात ते या रीतीमुळे, हे समजल्यावर पटलं.

सप्टेंबरचा दुसरा भाग वरच्या पाण्याचा. लॅनियरमध्ये बासचा मुख्य चारा दोन प्रकारचा. एक शॅड, दुसरा ब्लूबॅक हेरिंग. दोन्ही आपल्या तारलीच्या जवळच्या कुळातले, चंदेरी, थव्याने फिरणारे. शॅड ओढ्यांच्या आत शिरतो. ब्लूबॅक उघड्या पाण्यावर, टेकाडांच्या टोकांभोवती भटकतो. या ब्लूबॅकमुळे लॅनियरच्या बासची एक सवय इतर ठिकाणांहून वेगळी आहे. ढगाळ पहाटेपेक्षा स्वच्छ ऊन आणि हलका वारा असला की भर दुपारी मासे वर येऊन चारा उडवतात. सगळी पुस्तकं पहाट आणि तिन्हीसांज सांगतात, आणि इथे आम्ही डबा खाता खाता काठी उचलायचो.

तेव्हा वरून चालवायचं आमिष लागतं. काठीचं टोक पाण्याकडे, मनगटाचे लहान लहान सारखे झटके, मध्ये दोरी सैल. आमिष डावीकडे-उजवीकडे मान वळवत येतं. बास त्यावर तुटून पडतो तेव्हा पाणी फुटल्याचा आवाज होतो आणि हात आपोआप मागे ओढायला जातो. तिथेच थांबायचं. डोळ्यांनी पाहून ओढायचं नाही, हाताला वजन लागल्यावर ओढायचं. "कानाने मासा पकडू नका, वहिनी," हे भावजींचं वाक्य मी पाण्यावर मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेन.

ऑक्टोबरात रात्री थंड पडल्या, पाणी सत्तरीत उतरलं आणि टेकाडांवरचे मासे निघून गेले. हळूहळू नाही, एका आठवड्यात. झाडोरे तेच, खोली तीच, पडद्यावर मात्र काही नाही. याच काळात बरेच जण मासेमारी सोडून फुटबॉल बघायला घरी बसतात. आम्ही बोट उत्तरेला नेली, गेन्सव्हिलजवळच्या लॉरेल पार्कला, आणि तिथून वाहू क्रीक आणि लिटल रिव्हरच्या आत शिरलो.

शॅडचे थवे तिकडे निघालेले होते. दिवस लहान झाला, पाणी थंड झालं की शॅड मुख्य पाणी सोडून ओढ्यांच्या टोकांकडे सरकतो, आणि बास त्याच्या मागे. हे वाक्य प्रत्येक जण सांगतो. पुढचं कुणी सांगत नाही. ऑक्टोबरअखेर ओढ्यात चारा इतका होतो की बासला आपल्या आमिषाची गरजच उरत नाही. पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी हजारो तोंडं उमटत असतात, आणि त्या हजारांत आपलं एक आमिष. नुसता चारा सापडून काही होत नाही. चारा कशाशी तरी अडला पाहिजे. वाऱ्याने एका काठाला दाबलेला, दोन डॉकच्या, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यांच्या, मध्ये कोंडलेला, ओढ्याच्या वळणावर घळ काठाला चिकटते तिथे अरुंद झालेला. मोकळ्या पाण्यातला थवा सोडून द्यायचा, अडलेला शोधायचा. शरदाबद्दल मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन.

आणि आमिषाचा आकार. त्या वर्षी जन्मलेला शॅड शरदात दोन-तीन इंचांचा असतो. मोठं आमिष टाकायचा मोह होतो, कारण मोठा मासा हवा असतो. पण डोळ्यांसमोर अडीच इंचांचे शॅड असताना सहा इंचांच्या लाकडी माशाकडे कुणी बघत नाही. लहान पांढरा स्विमबेट, चंदेरी पात्यांचा स्पिनरबेट, खडकाळ काठावर उथळ चालणारा क्रँकबेट, एवढ्या नकली आमिषांवर आमचा ऑक्टोबर गेला. वारा ज्या काठावर आपटतो तिथे बोट सांभाळणं जिकिरीचं, पण मासे तिथेच. वारा पडला, उत्तरेकडची थंड हवा आली, आभाळ निळंभोर झालं, की पुढचे एक-दोन दिवस सगळं बंद. अशा दिवशी तरंगत्या डॉकच्या सावलीत, खोल कोपऱ्यात हळू आमिष सोडत राहायचं आणि फार अपेक्षा ठेवायची नाही.

लॉरेल पार्कच्या उतारावर एक वयस्क स्थानिक गृहस्थ भेटायचे. त्यांच्याकडे एक जाड, पाण्याने फुगलेली वही होती. २००७ च्या दुष्काळात लॅनियर आटला, डिसेंबरअखेर पातळी १,०५१ फुटांच्याही खाली गेली, म्हणजे वीस फूट पाणी कमी. तेव्हा हे गृहस्थ कोरड्या पडलेल्या तळावरून चालत हिंडले होते आणि प्रत्येक खडक, खुंट, जुना रस्ता त्यांनी वहीत काढून ठेवला होता. लॉरेल पार्कजवळ तेव्हा लूपर स्पीडवेच्या, मोटार शर्यतीच्या जुन्या मैदानाच्या, काँक्रीटच्या पायऱ्याही पाण्याबाहेर आल्या होत्या. त्यांनी वहीचं एक पान माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीने काढलेला ओढा, त्याच्या वळणावर फुल्या, बाजूला पावलांत मोजलेली अंतरं. आताचे पडदे हे सगळं रंगीत दाखवतात, पण त्या फुल्यांमधली एक जागा आमच्या सोनारवर नुसता सपाट तळ म्हणून दिसत होती. तिथे गुडघाभर उंचीची दगडी बांधाची ओळ होती. त्या बांधावर आम्हाला त्या शरदातला सगळ्यात मोठा लार्जमाउथ लागला. नाव नाही सांगणार, जागाही नाही. वही त्यांची आहे.

नोव्हेंबरच्या मध्याला पाणी उलटलं.

याबद्दल मी ऐकलं होतं, पण दिसतं कसं ते माहीत नव्हतं. खाली, धरणाकडच्या मोठ्या पाण्यावर गेलो तर पृष्ठभागावर फेसाच्या पट्ट्या होत्या. बोटीच्या मागे उठलेले बुडबुडे फुटायला वेळ लागत होता. काठाला कुजलेल्या पानांचा लगदा, पाण्याला हिरवट तपकिरी छटा आणि मधूनच सडक्या अंड्यासारखा वास. सोनारवरचा तो धूसर पट्टा आधी खाली खाली जात होता, आता नाहीसाच झाला होता. पडदा वरपासून खालपर्यंत एकसारखा.

घडतं ते असं. वरचं पाणी थंड होत होत जड होतं, आणि एका टप्प्यावर त्याच्यात आणि खालच्या पाण्यात वजनाचा फरक राहत नाही. मग एखाद्या वादळी रात्रीचा वारा पुरतो. महिनोन्‌महिने कोंडलेलं, प्राणवायू नसलेलं खालचं पाणी वर मिसळतं. थंड मुलखातल्या तळ्यांवर हे वर्षातून दोनदा होतं. लॅनियर गोठत नाही, म्हणून इथे एकदाच होतं आणि मग पाणी हिवाळाभर मिसळलेलंच राहतं. शेवटी ते फायद्याचंच असतं, तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो, अख्खा जलाशय माशांना मोकळा होतो. पण मधले दिवस वाईट. मासे कशालाच तोंड लावत नाहीत. धरणाखालच्या चॅटाहूचीतही याचा परिणाम दिसतो. तिथे खालून सोडलेल्या थंड पाण्यामुळे ट्राउट हा थंड पाण्यातला मासा जगतो, आणि शरदात याच काळात लोह आणि मँगनीज मिसळलेलं गढूळ पाणी येतं, ट्राउटवाले वैतागतात.

भावजींचा उपाय सोपा होता. जे पाणी उलटलंय ते सोडायचं. जलाशय एकाच दिवशी सगळीकडे उलटत नाही. उथळ ओढ्यांची टोकं आधीच मिसळून मोकळी झालेली असतात, नद्यांच्या वरच्या भागात प्रवाह असल्यामुळे तिथे थरच नीट बसलेले नसतात, आणि धरणाजवळचं खोल पाणी सगळ्यात शेवटी उलटतं. म्हणून आम्ही चेस्टाटीच्या वर गेलो, जिथे पाणी हलतं. तिथे खडकाळ वळणावर पाच-सहा फुटांत मासे होते आणि खातही होते. खाली मात्र त्याच दिवशी लोक फेसात गळ टाकून दिवसभर बसले होते. पाण्याचा रंग आणि वास आधी बघायचा, मग काठी काढायची, ही सवय मला तेव्हापासून लागली.

पाणी हलण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वीजनिर्मिती. ब्यूफर्डची जनित्रं सुरू झाली की सगळ्या जलाशयात मंद ओढ तयार होते. अरुंद जागी, ब्राउन्स ब्रिजच्या खांबांजवळ, ती जाणवते. मग इतस्ततः पसरलेले मासे खांबाच्या, टोकाच्या खालच्या बाजूला येऊन उभे राहतात. कोअर ऑफ इंजिनिअर्स निर्मितीचं वेळापत्रक जाहीर करतं, ते आम्ही आदल्या रात्री बघायचो. कोरड्या दिवशी, वारा नसताना, तेवढाच आधार. हेच पाणी पुढे अटलांटा पितं आणि त्याच्यावरून जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडा १९९० पासून कोर्टात भांडत आले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडाचा दावा फेटाळला. भीमा-कृष्णेच्या पाण्याच्या भांडणांत वाढलेल्या मला ते सगळं ओळखीचं वाटलं.

नोव्हेंबरअखेर पक्षी आले. समुद्रपक्षी, गल, हे लांबून दिसतात. लून मात्र नीट बघावा लागतो. उत्तरेतून हिवाळ्यासाठी आलेला हा मोठा पाणपक्षी बुडी मारतो आणि बराच वेळ वर येत नाही. गल गोल फिरत असतील तर चारा वर आहे, लून बुड्या मारत असतील तर चारा खाली आहे. दुर्बीण ही त्या महिन्यातली सगळ्यात उपयोगी वस्तू. भावजी बोट हळू चालवायचे आणि मी दुर्बिणीतून गलांच्या माना बघायची. नुसते बसलेले गल सोडायचे. मान खाली घालून पाण्याकडे बघत उडणारा एक जरी दिसला तरी तिकडे जायचं. अशाच एका ठिकाणी माझ्या आठ पौंडांचा ताण सोसणाऱ्या बारीक दोरीला स्ट्राइप्ड बास लागला. हा समुद्राकडचा मासा, सरकारी खातं तो दरवर्षी इथे सोडतं. त्याने रिळावरची जवळजवळ सगळी दोरी नेली. भावजी म्हणाले, "ओढू नका, बोट त्याच्यामागे नेतो." अर्धा मैल तरी गेलो असू. वर आला तेव्हा त्याच्या अंगावरच्या काळ्या रेघा सरळ ओळीत, जणू पट्टीने आखलेल्या. त्याला पाण्यात दोन्ही हातांनी धरून शेपटी हलेपर्यंत थांबले.

डिसेंबरात पाणी पंचावन्नच्या आसपास आलं आणि लॅनियरवरचा माझा सगळ्यात आवडता प्रकार सुरू झाला. इथले लोक त्याला डिच म्हणतात. मला तो बघताक्षणी ओघळ म्हणून कळला. प्रत्येक ओढ्याच्या आत, धरण होण्यापूर्वी पावसाचं पाणी वाहून नेणारी बारीक घळ होती. ती आता पाण्याखाली आहे. रात्री चारा या घळीतून वर, उथळाकडे येतो, आणि पहाटे बास त्याच वाटेने त्याच्या मागे. ऊन वर आलं की चारा घळीतून खाली उतरतो. सकाळी सातला बारा फुटांवर असलेले मासे दहाला पस्तीस फुटांवर असतात, पण घळ सोडत नाहीत. म्हणजे शोधायची जागा एक अरुंद वाट, वेळेनुसार फक्त खोली बदलायची. शेतात ओघळ कुठून कुठे जाते हे ज्याने पावसात पाहिलंय त्याला हे लगेच उमगेल. पहाटे वरच्या टोकाला झटके देत चालवायचा जर्कबेट, मग मधल्या उताराला मासोळीसारखा मऊ स्विमबेट, नंतर खोलात जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, किंवा चमच्यासारखं धातूचं आमिष, ज्याला चमचाच म्हणतात. हात गारठतात, काठीच्या कड्यांमध्ये बर्फाचे कण धरतात. आणि मासे येतात, एकामागून एक.

इथेच एक गोष्ट मी भावजींकडून कडक शिस्तीने शिकले. तीस फुटांच्या खालून मासा भराभर वर आणला की दाब कमी होऊन त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. सोडलेला मासा मग खाली जाऊ शकत नाही, कुशीवर तरंगतो आणि गल त्याला टिपतात. सुईने हवा काढायची पद्धत आहे, ती नीट येत असेल त्यानेच करावी. आम्ही वजन लावलेली चिमटी वापरतो. ती माशाच्या ओठाला लावून त्याला परत खोलात नेऊन सोडते. फोटोसाठी मासा बोटीत ठेवत नाही. आणि चाळीस फुटांखाली मासे लागायला लागले की ती घळ सोडून उथळ घळ शोधतो, मासे कितीही असोत. ज्यांना मोजायला मासे हवे असतात त्यांना हे पटत नाही. मला पूर्ण पटतं. सोडायचाच असेल तर जगेल असा सोडायचा.

ख्रिसमसच्या आठवड्यात पाणी आणखी उतरलं, चारा मुख्य नदीच्या पात्राकडे, उभ्या झाडांच्या शेंड्यांवर जाऊन बसला. तिथे चमचा सोडायला हात वेगळा लागतो. भावजींनी जानेवारीसाठी जड चमच्यांची डबी आणून ठेवली आहे, आणि लॉरेल पार्कच्या त्या गृहस्थांनी वहीतलं आणखी एक पान दाखवायचं कबूल केलं आहे.